सातव्या मजल्याचा भाव

१

शंकरराव इंगळे गुरुजी मेले ते पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधल्या जिन्यात. वीस मेला, सकाळी साडेअकराच्या सुमाराला. हातात पिशवी होती, पिशवीत दोडके आणि अर्धं टरबूज. नांदुऱ्यात त्या दिवशी पारा पंचेचाळीसच्या वर होता. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलं, बिल्डिंगवाल्यांनी 'वय झालं होतं बिचाऱ्यांचं' म्हटलं, आणि तिसऱ्या दिवशी ज्याचा तो आपापल्या कूलरसमोर जाऊन बसला. सतरा दिवस लिफ्ट बंद होती आणि सत्तरीचा माणूस रोज सात मजले चढत होता, हे म्हणायला कुणाची जीभ रेटली नाही.

म्हटलं ते एकट्या भिमाबाईंनी, गुरुजींच्या बायकोनं. तेही फोनवर, महामाया तायडेला.

महामाया खामगावची. घरांची किंमत काढणं हे तिचं काम. बँक कर्ज देण्याआधी जिला घर बघायला पाठवते, ती ही बाई. टेप लावून खोल्या मोजायच्या, आजूबाजूचे सौदे विचारायचे, कागदावर आकडा लिहायचा. आकडा जरा फुगावा म्हणून लोक चहा पाजतात. तिनं वीस वर्षांत चहा पुष्कळ प्यायला, पण आकडा कुणाचा फुगवला नाही. वरवट बकालच्या शाळेत चौथीला गुरुजी तिला शिकवायला होते. ती पुढं शिकली, इंजिनिअर झाली, ती त्यांनी बापामागं लकडा लावला म्हणून.

तीन जूनला ती 'शिखर हाइट्स'च्या सातव्या मजल्यावर पोचली तेव्हा तिच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. भिमाबाईंनी तांब्याभर पाणी दिलं आणि ती टेकते न टेकते तोच बोलायला लागल्या.

"माया, उद्या अकराले जीवन दलाल कागद घेऊन येनार हाये. रवी म्हनते, आई, सही कर अन् चाल माह्यासंग पुन्याले. मले हे घर इकाचं नाही व. तुह्या गुरुजीनं किती हौसेनं घेतलं. पन माहे गुडघे हे असे. लिफ्ट नाही तं मी इथं कोंडल्यावानी."

"लिफ्ट दुरुस्त होईल की मावशी."

"बिघडलीच नाही तं दुरुस्त काय होईन?" भिमाबाईंनी आवाज खाली आणला. "गजेंद्र मिस्त्री आला होता पाहाले. म्हने, जळलं-बिळलं काई नाही, आतला पार्ट कोनंतरी काढून नेला. मले येवढं सांग, कोनं नेला? इथं लय लोकाइले आमी वर राह्यलेलं खुपते. सही कराच्या आधी मले नाव पायजे."

"आणि नाव कळल्यावर?"

भिमाबाई उठून चहाचं आधण ठेवायला गेल्या.

२

लिफ्टची मशीन गच्चीवरच्या खोलीत होती. महामाया वर गेली, कुलूप उलटसुलट करून पाहिलं. साधं कुलूप, गंज चढलेलं, पण ना ओरखडा ना ठोकल्याची खूण. म्हणजे चावीनंच उघडलेलं.

"चावी कुठं असते, मावशी?"

"आपल्याच दारामागं, खिळ्याले. सगळ्यात वर आमी, म्हनून सोसायटीनं आमच्याकडंच ठेवली. टाकी पाहाले कोनीही मागून नेते. रंगराव नेते, जीवन गिऱ्हाइकाले गच्ची दाखवाले नेते, रवी नेते. आमी काई वही ठेवली नाही त्याची."

घ्या! अख्ख्या बिल्डिंगला मोकळं रान.

महामायानं गजेंद्रला फोन लावला. तो पलीकडून तोऱ्यात बोलला. "मॅडम, चार मेले लिफ्ट बंद पडली, सहाले मी आलो. पॅनल खोललं तं एक रिले जागेवर नाही. काडीपेटीएवढा असते. बोटानं ओढला की निघते, लावला की लागते. हजाराच्या आतला माल हो! मी रंगराव शेठले सांगतलं, हो म्हना, दुसऱ्या दिवशी लावून देतो. तं म्हने, उंदरानं नेला असन, मीटिंग घेतो मंग कळवतो. ते कळवनं आजवर चालूच हाये."

हजाराच्या आतला माल. महामायाला इतका संताप आला, की तिनं फोन ठेवताना त्याचे आभारही मानले नाहीत.

खरं तर या घरानं तिला पहिल्या दिवसापासून संताप आणला होता. मुंबई-पुण्यात जितकं वर जावं तितका भाव चढतो. वर वारा, वर उजेड, खालचा कलकलाट नाही. नांदुऱ्यात गाडी उलटी. इथं लिफ्टवर कुणाचा भरवसा नाही, वीज कधी जाईल त्याचा नेम नाही, आणि मे महिन्यात सगळ्यात वरचा स्लॅब तापून रात्री बारापर्यंत खोली भाजते. म्हणून इथं पहिला-दुसरा मजला महाग, सातवा सगळ्यात स्वस्त. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण बिल्डरनं मुंबईचं दरपत्रक छापून आणलं, दर मजल्याला वाढता भाव, आणि सबंध बिल्डिंगमध्ये ते एकट्या गुरुजींनी मानलं. बाकीच्यांनी घासाघीस केली. गुरुजींनी सर्वात वरचा मजला सर्वात जास्त पैसे मोजून घेतला.

महामाया तेव्हा त्यांच्याशी भांडली होती. "गुरुजी, चार लाख पाण्यात घातले तुम्ही!"

"घालू दे," ते म्हणाले होते. "वरवटले आपलं घर नाल्याच्या खालच्या अंगाले. साऱ्या गावाचं सांडपानी आपल्या दारातून. माह्या मायनं जन्मभर ते पानी झाडून काढलं. आता माह्या डोक्यावर कोनाचं न्हानीघर नाही, माया. ह्याचा भाव तुह्या कागदात बसत नाही."

तिच्या कागदात तो खरंच बसला नाही. तिनं खरी किंमत लिहिली, कर्ज कमी मिळालं, गुरुजींनी आपला फंड ओतला.

३

सोसायटीचे अध्यक्ष रंगराव पहिल्या मजल्यावर राहत. धान्याची अडत, बोटात तीन अंगठ्या, बोलणं तुपातलं.

"या या, तायडे मॅडम! लय वाईट झालं गुरुजीचं. देवमाणूस."

"देवमाणसाला सतरा दिवस पायी चढवलंत तुम्ही."

रंगरावांचा चेहरा जरा उतरला, पण जरासाच. "मॅडम, मी पहिल्या मजल्यावर. मले लिफ्टचा काय उपेग? तरी महिन्याले तिचा खर्च भरतो. मीटिंग घेतल्याबिगर एकट्यानं कसा निर्णय घेऊ? अन् सोसायटीत लोक लग्नसराईत. मी खुद्द चार मेले मेहकरले, साळ्याच्या पोरीचं लगन. तीनले गेलो तं पाचले आलो. घरदार कुलूपबंद. विचारा कोनालेही."

महामायानं विचारलं. दोन बायकांनी त्या लग्नातले फोटो मोबाइलवर दाखवले, पिवळा फेटा बांधलेले रंगराव मांडवाच्या मधोमध. लिफ्ट चारला सकाळी नऊपर्यंत चालू होती. दूधवाला लिफ्टनंच वर गेला होता आणि उतरताना मात्र त्याला जिना धरावा लागला. रंगराव त्या वेळी नांदुऱ्यात नव्हते.

तरी तिच्या मनातून तो माणूस जाईना. तिनं जाता जाता सहज विचारल्यासारखं विचारलं, "वरचा फ्लॅट कोण घेतंय हो?"

"मले काय मालूम! इथं खालचे हातोहात जातात. वर कोन मरते चढून?" एवढं म्हणून रंगरावांनी जीभ चावली. महामायाला त्या घरात पाणीसुद्धा प्यावंसं वाटलं नाही.

जीवन दलाल स्टेशनरोडच्या टपरीवर सापडला. तिशीचा गडी, दोन मोबाइल, दोन्ही सतत वाजणारे. तिनं सरळ विचारलं, सातव्या मजल्याचं गिऱ्हाईक कोण? तो आधी आढेवेढे घ्यायला लागला. मग ती म्हणाली, बँक माझ्याच कागदावर कर्ज देणार आहे, तेव्हा माझ्याशी खरं बोल.

"रंगराव शेठच," तो पुटपुटला. "जावयाच्या नावानं. लिफ्ट बंद हाये तोवर अर्ध्या किमतीत येते म्हने. मंग सोसायटीची मीटिंग घेऊन लिफ्ट चालू. माहं काय हो मॅडम, मी दलाल."

म्हणजे मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी. महामायाच्या तोंडात शिवी आली आणि तिनं ती दिलीही. पण शिवी देऊन कोडं सुटत नाही. गुरुजी गेल्यावर रंगरावांना हाव सुटली, हे खरं. लिफ्ट मात्र त्याच्या सोळा दिवस आधी, रंगराव मेहकरला असताना बंद पडली होती.

"आणि तू रे? तुझ्याही हाताशी होती चावी."

"मी?" जीवन उसळला. "लिफ्ट बंद पडली त्यात सगळ्यात जास्त मीच बुडालो! त्याच दिवशी अकरा वाजता छाया मॅडम येनार होत्या, पाचवा मजला पाहाले. बिल्डरचा फ्लॅट, दुप्पट दलाली. जवळजवळ पक्कं झालं होतं. अन् सकाळी नऊले लिफ्ट बंद! गेला सौदा."

महामाया उठता उठता थांबली. "त्याच दिवशी? ही वेळ कोणाकोणाला माहीत होती?"

जीवननं तिच्याकडं पाहिलं, मग दुसरीकडं पाहिलं आणि वाजत नसलेला मोबाइल कानाला लावला.

४

छाया मॅडम जिल्हा परिषदेच्या शाळेत होत्या. सामान बांधून तयार होत्या, पण शिखर हाइट्समध्ये अजून गेल्या नव्हत्या. तिथला ताबा महिनाअखेरीस मिळायचा होता. जुन्या भाड्याच्या घरात खोक्यांच्या मधोमध बसून त्या बोलल्या.

"एप्रिलमध्ये पाहिलं तेव्हा मला पाचवाच आवडला होता. लिफ्ट होती, वारा होता, आणि स्वस्त. दुसऱ्या मजल्यावरचंही घर दाखवलं होतं, पण ते दोन लाखांनी महाग. मी म्हटलं, कशाला द्यायचे? मग चार मेला सासूबाईंना दाखवायला नेलं. लिफ्ट बंद. त्या बिचाऱ्या पाचव्यापर्यंत चढल्या, वर जाऊन मटकन बसल्या. म्हणाल्या, छाया, इथं मी मरंन व. उतरताना दुसऱ्यावर थांबलो. त्या घरातल्यांनी इतकं प्रेमानं पाणी दिलं, सरबत दिलं..."

"आणि भाव?"

"वाढवला ना! अजून दीड लाख. म्हणाले, आता तुम्हीच पाहिलं, लिफ्टचा काय भरवसा. सासूबाई म्हणाल्या, देऊन टाक. तिथंच इसार दिला. बावीसला रजिस्ट्री ठरली होती, पण त्यांच्याकडं ते दुःख झालं, मग अठ्ठावीसला केली."

त्यांच्याकडं ते दुःख झालं.

 आपण किती मूर्ख, असं महामायाला वाटलं. आल्यापासून ती वरच बघत होती. लिफ्ट बंद पडली तर सातव्याचा भाव पडतो, तेव्हा सातवा कोणाला स्वस्तात हवा, एवढंच शोधत होती. पण तराजूचं एक पारडं खाली गेलं की दुसरं वर येतं. लिफ्ट बंद पडल्यावर वरचा भाव पडतो तसा खालचा चढतो. चोर वरच्या घराचा घेणारा नव्हता, खालच्या घराचा विकणारा होता. ज्याला छाया मॅडमच्या येण्याची वेळ माहीत होती, ज्याला दारामागची चावी मागावी लागत नव्हती, आणि ज्याचा सौदा पाचव्या मजल्यामुळं अडला होता, असा.

दुसऱ्या मजल्यावर घरं दोनच. एक रिकामं, बिल्डरच्या पोराच्या नावावर. दुसऱ्याची किंमत दोन वर्षांपूर्वी तिनंच काढली होती. त्या वेळी मालकानं तिला चहा पाजला, आणि आकडा फुगवा असं चुकूनही म्हटलं नाही. फक्त विचारलं, "ताई, लिफ्ट बंद असली तं दुसऱ्या मजल्याले काय फरक पडते?" आणि आपल्याला किती कळतं या तोऱ्यात तिनं त्याला सगळं नीट समजावून सांगितलं होतं.

५

रवीनं दार उघडलं. गुरुजींचा एकुलता एक मुलगा. घरात सामान बांधलेलं होतं, बायको सारिका पोरीला घेऊन माहेरी गेली होती. महामायाला बघून तो हसला, आणि तिच्या चेहऱ्याकडं नीट पाहिल्यावर त्याचं हसणं मावळलं.

"बस, रवी. मला सगळं कळलंय. तू खोटं बोलू नको, माझ्यात ऐकायची ताकद नाही."

तो बसला नाही. भिंतीला पाठ लावून उभा राहिला. 

"चार दिवसांसाठी काढला होता, ताई. आईची शपथ! छाया मॅडमनं पाचवा घेतला असता तं माहं घर पडून राह्यलं असतं. पुन्यात नोकरी लागली, तिथं खोलीचं भाडं, इथं हप्ता. इसार झाला की लावून टाकू, असंच मनात होतं. मंग जीवन म्हनला, रजिस्ट्रीपर्यंत राहू दे, लिफ्ट चालू झाली तं गिऱ्हाईक पलटते. त्याले मालूम नव्हतं मीच काढला म्हनून. त्याले संशय होता फक्त."

"आणि गुरुजी चढत होते. रोज."

"मी म्हनलं नाही का त्याइले? हात जोडले, बाबा, महिनाभर आमच्याकडं राहा. तं म्हने, मी खाली राहायसाठी घर घेतलं काय? मी भाजी आनून देत होतो, पानी नेऊन देत होतो. त्या दिवशी मी खामगावले होतो." तो भिंत सोडून तिच्यासमोर आला. "मले मारा ताई. कोनीतरी मारा मले."

महामायानं त्याला मारलं नाही आणि जवळही घेतलं नाही. "मग आजवर का नाही लावलास? गुरुजी जाऊन पंधरा दिवस झाले. आता कुणाची वाट बघतोस?"

"गेलो होतो! बाबाले पोचवून आलो त्याच संध्याकाळी. रजिस्ट्री झाली नव्हती तरी गेलो. टाकीमागं फटीत ठेवला होता, फडक्यात बांधून. ताई, तो तिथं नव्हता. फडकं होतं, रिले नव्हता."

"म्हणजे?"

"म्हंजे कोनीतरी पाहिला. कोनाले तरी मालूम हाये, मी काय केलं ते. पंधरा दिवस झाले, मी ज्याच्या त्याच्या तोंडाकडं पाहून राह्यलो. गजेंद्रले नवा मागाची हिंमत होईना, तो विचारन काऊन मागता. मले या बिल्डिंगमधी राहावत नाही. आईले घेऊन जाऊ द्या मले."

६

महामाया पुन्हा जिना चढायला लागली. चौथ्या मजल्यावर तिनं ठरवलं की रंगरावांचं नाव सांगायचं. माणूस त्याच लायकीचा होता, आणि म्हातारीला निदान पोरगा राहिला असता. सहाव्या मजल्याच्या खाली, जिथं गुरुजी पडले होते, तिथं ती कठड्याला धरून उभी राहिली आणि रडली. मग डोळे पुसून वर गेली.

भिमाबाई दारातच बसल्या होत्या.

"सांग," त्या म्हणाल्या.

"मावशी, रंगराव..." महामायानं तोंड उघडलं. भिमाबाई एकदम सावरून बसल्या, तिच्याकडं टक लावून बघायला लागल्या. त्या नजरेत इतकी आस होती, की महामायाला पुढचा शब्द फुटेना. गुरुजींच्या बायकोशी, गुरुजींच्या दारात बसून खोटं बोलणं तिला जमलं नाही. "रंगराव नव्हे, मावशी. रवी."

भिमाबाईंनी डोळे मिटून घेतले. पदराच्या गाठीतून काडीपेटीएवढी एक वस्तू सोडवली आणि दोघींच्या मध्ये फरशीवर ठेवली.

"त्याइच्या सदऱ्याच्या खिशात होता. आंघोळ घालताना मी काढून घेतला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्याइलेच दहा तारखेले सापडला होता, टाकीमागं. फडकं रवीच्या घरचं, आम्हीच दिलेल्या जुन्या धोतराचं. घरी येऊन दोन घंटे बोलले नाही. मी म्हनलं, जा, लावून या, नाही तं मी रवीचं थोबाड रंगवते. तं म्हने, नको. बावीसले त्याची रजिस्ट्री. पोराचा सौदा होऊ दे, पोरगं पुन्याले मार्गी लागन. तोवर चढतो मी, बारा दिवसाचा तं सवाल हाये." भिमाबाईंनी नाक ओढलं. "रवी म्हने, बाबा, खाली राहा. हे त्याच्या तोंडाकडं पाहत अन् नाही म्हनत. मले म्हनत, खाली राह्यलो तं त्याच्यासमोर मले तोंड लपवता येनार नाही."



"मग मला का बोलावलंत, मावशी?" महामायाला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे तिला कळत नव्हतं. "तुम्हाला सगळं माहीत असताना?"

"मले वाटलं, तू शिकलेली. हुशार. तू काईतरी दुसरं काढशील. म्हनशील, मावशी, तुमाले चुकीचं वाटलं, गुरुजीलेही चुकीचं वाटलं, हे रंगरावनं केलं. जीवननं केलं. कोनाचंही नाव घेतलं असतं तं मी मानलं असतं व." भिमाबाई आता मोठ्यानं रडत होत्या. "मी कसं मानलं नसतं?"

महामायानं त्यांचा हात धरला. तो हात तापलेला आणि खरखरीत होता.

रडणं ओसरल्यावर भिमाबाईंनी तोंड धुतलं, रिले कपाटात कपड्यांखाली सारला आणि दार लावलं. "जीवनले सांग, उद्या येऊ नको. घर इकाचं नाही. त्या गजेंद्रले नवा पार्ट आनाले लाव, पैसे मी देईन. रवी जाईन पुन्याले. मी त्याच्यासंग राहू शकत नाही अन् त्याले शिव्याही देऊ शकत नाही, मी इथंच बरी. अन् माया, त्याच्या बापाले मालूम होतं, हे त्याले कधी कळू देऊ नको. जे केलं तेच त्याले जन्मभर पुरते. हे कळलं तं तो जीव देईन."

उतरताना दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडंच होतं. रवी उंबऱ्यात उभा होता.

"आई काय म्हनली?"

"घर विकणार नाही म्हणाली. तू जा म्हणाली."

त्यानं मान खाली घातली. मग हळूच विचारलं, "अन् ताई, ते... कोनं नेलं, कळलं काय?"

"नाही रे," महामाया म्हणाली. "ते काही कळलं नाही."

आणि ती उरलेले दोन मजले उतरून रस्त्यावर आली.